सात डबे, दोन हात

पत्र थोडक्यात असं. लिहिणाऱ्या ताई चव्वेचाळीस वर्षांच्या आहेत. नोकरी करतात, लोकलनं जातात-येतात, घरी पोचेपर्यंत साडेसात होतात. घरात नवरा, नववीतली मुलगी, चौथीतला मुलगा आणि शहात्तर वर्षांच्या सासूबाई. गुडघ्यांमुळे सासूबाईंना ओट्याशी उभं राहवेनासं झालं, तेव्हापासून दिवाळीचा फराळ या ताई एकट्या करतात : चकली, चिवडा, शेव, शंकरपाळे, करंज्या, बेसनाचे लाडू आणि अनारसे. सासूबाई करायच्या तेच सात पदार्थ, तेवढ्याच मापानं. गेल्या वर्षी ऑफिसमधून आल्यावर रात्री जागून त्यांनी ते उरकले. चकल्या दुसऱ्याच दिवशी मऊ पडल्या, अनारसे तुपात हसले, नरकचतुर्दशीच्या पहाटे त्या सगळ्यांवर खेकसल्या आणि लक्ष्मीपूजनाला सुजलेले पाय घेऊन बसल्या. नवरा म्हणतो, "कशाला एवढं करतेस?" मुलानं कामट्या आणून आकाशकंदील करायला घेतला होता, हॉलभर पसारा झाला म्हणून त्यांनी तो अर्धवट सांगाडा माळ्यावर टाकला आणि बाजारातून तयार कंदील आणला. तुळशीचं लग्न लागलं तरी निम्मे डबे भरलेलेच होते. "यंदा सगळं विकत आणावं असं वाटतं, पण मन धजत नाही. सासूबाई काही बोलणार नाहीत, पण त्यांना काय वाटेल? भाऊबीजेला नणंद येते, ती आईच्या हातची चव शोधते. आणि मुलांना घरची दिवाळी म्हणून काय आठवेल? सगळं करत राहू की सगळं सोडू?"

ताई,

तुमच्या पत्रात मी एक गोष्ट शोधत होते, ती शेवटपर्यंत सापडली नाही. हे सात पदार्थ तुमच्याकडे मागितले कोणी? सासूबाई बोलत नाहीत, असं तुम्हीच लिहिलंय. नवरा तर नकोच म्हणतो. नणंद वर्षातून एक दिवस येते, चवीबद्दल काहीतरी बोलते आणि संध्याकाळी परत जाते. मुलांचं फराळाबद्दल एक वाक्यही पत्रात नाही. मुलाबद्दल जे आहे ते कंदिलाचं आहे, त्याकडे मी नंतर येते.

म्हणजे सात पदार्थांचा हुकूम कोणीही सोडलेला नाही. तो तुम्ही सासूबाईंच्या गप्प बसण्यातून काढलाय. त्या गप्प असतात हे खरं, पण त्या गप्प बसण्याचा अर्थ नाराजी हाच असेल कशावरून? चाळीस-पन्नास वर्षं ज्या बाईनं घरचा फराळ काढला, तिला आता स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून सुनेची धावपळ बघत बसावं लागतं. आपल्याला हात लावता येत नाही, मध्ये बोललं तर लुडबुड वाटेल, म्हणून ती गप्प बसत असेल. कदाचित "एवढं नको गं करूस" हे तिच्या ओठांवर असेल आणि तुम्हाला ते तुमच्या हातच्या फराळावर ठेवलेलं बोट वाटेल म्हणून ती बोलत नसेल. मला ठाऊक नाही. मुद्दा इतकाच की तुम्हालाही ठाऊक नाही, आणि न विचारताच तुम्ही पाय सुजवून घेतले आहेत.

तेव्हा पहिलं काम हे की त्यांना विचारा. फक्त "यंदा बाहेरून आणलं तर चालेल का?" असं विचारू नका. या प्रश्नाला आपल्याकडची कुठलीही सासू "तुझ्या सोयीनं कर" एवढंच उत्तर देते आणि तुम्ही पुन्हा त्या उत्तराचा अर्थ लावत बसाल. असं विचारा : "आई, सातांतले दोनच घरी करायचे झाले, तर कुठले ठेवू?" या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं. आणि माझा अंदाज आहे की उत्तर ऐकून तुम्ही चकित व्हाल, कारण पुष्कळदा म्हाताऱ्या माणसांना आवडणारे पदार्थ आणि ती आयुष्यभर करत आलेली असतात ते पदार्थ वेगवेगळे असतात.

आता त्या सात पदार्थांबद्दल. सासूबाई करायच्या तेवढंच, त्याच मापानं करायचं, असं तुम्ही धरून चाललात. पण त्या ते कशा करायच्या, हे आठवून बघा, नाहीतर त्यांनाच विचारा. त्या पिढीत फराळ बहुतेक घरी दुपारी व्हायचा, आणि एकटीनं क्वचितच. आज हिच्याकडच्या करंज्या, उद्या तिच्याकडच्या. चार शेजारणी पोळपाट-लाटणी घेऊन यायच्या, एक लाटायची, एक सारण भरायची, एक कातणानं कापायची आणि चौथी तळायला बसायची. जावा असायच्या, लग्नाच्या वयाच्या नणंदा असायच्या. भाजणी दळायला गिरणीच्या रांगेत घरातली पोरं उभी राहायची. खाणारी तोंडंही तेवढीच असायची. शिवाय पाहुण्यांची ये-जा आठ-दहा दिवस चालायची आणि आल्यागेल्याला ताटलीत घालायला टिकाऊ काहीतरी हवं असायचं. तळलेल्या, भाजलेल्या पदार्थांत पाण्याचा अंश राहत नाही म्हणून ते टिकतात, हे तर तुम्ही जाणताच. चकली वर्षातून एकदाच दिसायची, म्हणून ती परातभर लागायची. आज ती बारा महिने कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते आणि तुमच्या घरात खाणारी माणसं पाच. त्यांतल्या एकीला दातांमुळे चकली चावत नसणार, हे मी खात्रीनं सांगते.

तुम्ही वारसा म्हणून सगळं माप घेतलंत, त्यामागचे हात मात्र आले नाहीत. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात असं आढळलं की घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांची त्या कामांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, आणि अशी कामं करणाऱ्या पुरुषांची ९७. हे एरवीच्या दिवसांचं झालं. त्यावर सात पदार्थ चढवायचे तर ते झोपेतूनच कापले जाणार.

आणि झोपेतून कापलेला फराळ बिघडतो. तुमच्या चकल्या मऊ पडल्या आणि अनारसे हसले त्याला तुमच्या हाताची चव किंवा सासूबाईंची नजर कारण नाही, घड्याळ कारण आहे. चकली तेलात पडली की तिच्यातल्या पाण्याचे बुडबुडे येतात. ते बुडबुडे थंडावले म्हणजे आतलं पाणी गेलं. तेव्हा ती काढायची. रात्री अकरा वाजता आपण काय करतो? आच वाढवतो आणि एका घाण्यात पाचाऐवजी नऊ चकल्या सोडतो. भरपूर चकल्या एकदम पडल्या की तेलाचा ताव जातो, तो परत यावा म्हणून आच आणखी वाढते, मग चकली बाहेरून पटकन लाल होते आणि आपल्याला ती झाली असं वाटतं. आत ओल राहिलेली असते. ती रात्रभरात बाहेरच्या कवचात मुरते आणि सकाळी डबा उघडला की चकली वाकते, मोडत नाही. भाजणी उत्तम असली तरी हेच होणार. (चकली तेलात विरघळत असेल, तर मात्र मोहन जास्त झालंय, त्यात थोडी कोरडी भाजणी मिसळून पीठ पुन्हा मळावं.)

अनारशांचं तर विचारूच नका. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग उपसून सावलीत कपड्यावर पसरायचे, हाताला किंचित दमट लागतात तोवरच दळायचे, बारीक चाळायचे, गूळ किंवा साखर घालून गोळा करायचा आणि तो गोळा काही दिवस मुरू द्यायचा. गूळ कणभर जास्त झाला की अनारसा तुपात पसरतो, फाटतो, हसतो. अशा वेळी त्या पिठात थोडं तांदळाचं पीठ मिसळून एक दिवस थांबायला हवं. पण धनत्रयोदशीच्या रात्री एक दिवस आणायचा कुठून? कोजागरीच्या आसपास तांदूळ भिजत पडले नसतील तर त्या वर्षी अनारशांचं नाव काढू नये. नोकरी करणाऱ्या बाईनं एकटीनं, रात्री, बाकीच्या सहा पदार्थांबरोबर अनारसे करायला घेणं, याला मी हौस म्हणणार नाही.

आता कंदिलाकडे येते. तुमच्या पत्रातल्या बाकी सगळ्यापेक्षा मला तोच जास्त महत्त्वाचा वाटला.

मुलांना घरची दिवाळी म्हणून काय आठवेल, असं तुम्ही विचारता. गेल्या वर्षी तुमच्या घरात तुमच्याशिवाय आणखी एका माणसानं स्वतःच्या हातानं काहीतरी करायला घेतलं होतं. आठ-नऊ वर्षांचा मुलगा, कोणी न सांगता, कामट्या घेऊन बसला. आणि मुलांना आठवणी राहाव्यात म्हणून चाललेल्या फराळासाठी जागा हवी होती, म्हणून तो सांगाडा माळ्यावर गेला. रागावू नका, तुमच्या जागी असते आणि गॅसवर बेसन भाजायला ठेवलेलं असतं, तर हॉलभर पडलेल्या खळीच्या वाट्या बघून मीही दुसरं काय केलं असतं कोण जाणे. पण तुम्ही जे शोधताय ते घरात सुरू झालेलं होतं, एवढं तुमच्या नजरेला आणून द्यायला हवं. मुलांना आईच्या करंज्यांची संख्या आठवत नाही. स्वतः चिकटवलेला कागद फाटला होता, तो बाबांनी कसा सांधला, पहिल्यांदा दिवा लावल्यावर कुठला रंग कसा दिसला, हे आठवतं. मुलगी नववीत आहे. शाळा-क्लास धरले तर तिच्या आणि या घराच्या निवांत अशा दोन-तीनच दिवाळ्या एकत्र उरल्यात. हा हिशेबही मनात असू द्या.

म्हणून यंदा पसाऱ्याची पहिली जागा कंदिलाला द्या आणि ते काम आधी उरका. दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत साधारण वीस दिवस मिळतात. दसऱ्यानंतरचा पहिला रविवार कंदिलाचा. वसुबारसेला तो लागायचा असतो आणि खळ वाळायला वेळ लागतो, शिवाय दिवाळी लवकर असली की परतीचा पाऊस हमखास घोळ घालतो. सामान अगदी थोडं : बांबूच्या कामट्या, साधा जाड दोरा, घोटीव किंवा पतंगाचा कागद, मैद्याची खळ. कामट्या सारख्या लांबीच्या कापल्या नाहीत तर सांगाडा पहिल्यापासून तिरका होतो, म्हणून एक कामटी मापाला ठेवून बाकीच्या तिच्यावर धरून कापायच्या. त्या तासून गुळगुळीत करणं मोठ्या माणसाचं काम; कुसळं फार वाईट लागतात. गाठ मारल्यावर तिच्यावर डिंकाचा थेंब टाकला की ती सरकत नाही. खळ पातळ पसरायची. जाड लावली की कागद सुरकुततो आणि रंग उतरून बोटांना लागतो, मग तीच बोटं भिंतीला. झिरमिळ्या शेवटी, त्या मुलांना एकट्यानं करू द्या. आत एलईडी दिवाच लावा. जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा तापतो आणि कागदाच्या कंदिलात तो नकोच. थर्माकोल वापरायचा विचार कोणाच्या डोक्यात आला तर सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे हे सांगून टाका, तेवढाच वाद मिटतो.

आणि एक कळकळीची विनंती. कंदील वाकडा झाला तर वाकडाच लावा. रात्री मुलं झोपल्यावर गुपचूप सरळ करू नका. त्यांना ते सकाळी कळतं.

इथे जाता जाता : मुलीला पोळपाटाशी आणि मुलाला कंदिलाशी बसवू नका. कंदिलाचं माप मुलीकडे द्या, शंकरपाळ्यांची वेडीवाकडी कापणी मुलाकडे. नववीतली मुलगी कंदिलाच्या कोनांचा हिशेब तुमच्यापेक्षा चांगला करेल.

आता फराळाचं. 'सगळं करत राहू की सगळं सोडू' असं तुम्ही विचारलंय. दोन्ही नको. सगळं सोडलंत तर पहिल्या वर्षी सुटल्यासारखं वाटेल, पण बेसन भाजल्याचा वास नसलेली दिवाळी तुम्हालाच चुकल्याचुकल्यासारखी होईल आणि पुढच्या वर्षी तुम्ही भरपाई म्हणून नऊ पदार्थ करायला घ्याल. अशा बायका मी पाहिल्या आहेत. घरी दोन, फार तर तीन पदार्थ करा, तेही अर्ध्या मापानं. कुठले, ते सासूबाईंच्या उत्तरावर ठरवा, पण निवडताना बघा की त्या पदार्थाला एकापेक्षा जास्त हात लागतात का, आणि थोडं चुकलं तरी खाता येतो का. या कसोटीला अनारसे बादच होतात. चकलीही बऱ्यापैकी बाद होते, कारण सोऱ्या फिरवायला आणि तळायला एकाच जाणत्या माणसाला अडकून पडावं लागतं.

लाडू उत्तम ठरतात. बेसन जाडसर घ्या, तुपावर मंद आचेवर भाजा. आधी ते गोळा होऊन कढईला धरतं आणि आपलं चुकलं असं वाटायला लागतं. थांबायचं नाही, ढवळत राहायचं. मग ते हळूहळू सैल होतं, तूप सोडतं आणि वास घरभर जातो. खाली उतरवून दुधाचा हबका मारला की ते फसफसून वर येतं आणि दाणेदार होतं. पिठीसाखर कोमट झाल्यावरच घाला, गरम असताना घातली तर मिश्रण पातळ होऊन लाडू बसतात. या भाजण्याला पाऊण तास लागतो, अक्कल कमी आणि चिकाटी जास्त लागते. हे काम तुमच्या यजमानांना द्या. वळायला सासूबाईंना टेबलापाशी खुर्ची द्या. गुडघे दुखतात, हात नाही दुखत. त्यांच्याइतका गोल आणि एकसारखा लाडू तुम्हाला वळता येत नसणार, तेव्हा ते त्यांनाच करू द्या.

शंकरपाळे मुलांसाठी. दूध, तूप आणि साखर एकेक वाटी, साखर विरघळण्यापुरतं गरम करायचं, उकळायचं नाही. निवल्यावर त्यात मावेल तेवढा मैदा. लाटणं-कापणं मुलांचं, मंद आचेवर तळणं मोठ्यांचं. आकार बिघडले तरी चव तीच राहते.

आणि चिवडा पूर्णपणे यजमानांचा. 'पूर्णपणे' म्हणजे काय ते नीट सांगते, कारण घोडं इथेच अडतं. "सांग, काय करू?" असं विचारत कोणी तुमच्यामागे उभं राहिलं तर काम तुमच्याच डोक्यावर राहतं, फक्त हात त्यांचे. चिवडा त्यांचा म्हणजे पातळ पोहे, डाळं, शेंगदाणे, सुकं खोबरं यांची यादी त्यांची, वाण्याकडे जाणं त्यांचं, पोहे उन्हात टाकणं आणि संध्याकाळी आठवणीनं उचलणं त्यांचं, फोडणी त्यांची आणि शेवटी कढई घासणं त्यांचंच. तुम्ही दोनच सूचना द्या : मिरच्या आणि कढीपत्ता फोडणीत चुरचुरीत होईपर्यंत थांबायचं, कारण मिरचीत ओल राहिली की अख्खा डबा सादळतो, आणि पोहे मोठ्या आचेवर परतायचे नाहीत, आक्रसतात. बाकी तुम्ही त्या वेळी घराबाहेर जा. देवळात जा, मैत्रिणीकडे जा, कुठेही जा. मीठ कमी पडलं तर पडू दे. 'कशाला एवढं करतेस' म्हणणाऱ्या माणसाला हे किती असतं ते एकदा कळायला हवं, नाही का?

उरलेलं विकत आणा आणि त्याबद्दल मनात काही ठेवू नका. घरगुती फराळ करणाऱ्या बायका, महिला बचत गट तुमच्या आसपास नक्की असतील. त्यांच्याकडून आधी पाव किलो मागवून चव बघा, तेल कुठलं वापरतात आणि कधी तळलं ते विचारा. चांगलं काम करणारी बाई या प्रश्नांनी चिडत नाही. ऑर्डर अर्ध्या किलोच्या वर देऊ नका. मिठाई दुकानातून आणणार असाल तर सुट्या मिठाईच्या ट्रेवर ती कधीपर्यंत खावी ती तारीख लावणं १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक आहे, ती वाचा, नसली तर विचारा. एक मात्र करू नका. विकतच्या चकल्या घरच्या डब्यात भरून "घरच्याच आहेत" म्हणू नका. कोणी विचारलं नाही तर सांगायची गरज नाही, विचारलं तर सरळ सांगा. खोटं बोललात की भाऊबीजेचा सगळा दिवस कोणीतरी ओळखेल या धास्तीत जाईल.

नणंदेचं सांगते. ती आईच्या हातची चव शोधते यात तुमच्यावर टीका आहे, असं तुम्ही धरलंय. तिच्या जागेवरून बघा. माहेरी आल्यावर आईनं केलेलं काहीतरी पानात असावं असं तिला वाटतं आणि आता आई काहीच करू शकत नाही. ती चव तुम्ही देऊ शकणार नाही. तुम्ही कितीही मन लावून केलंत तरी तो तुमच्या हातचा पदार्थ होणार, आणि त्यात काही गैर नाही. तिची आई जिवंत आहे, शेजारच्या खोलीत बसलेली आहे. नणंदेला दिवाळीच्या आधीच्या एका रविवारी बोलवा. "करंज्या करायच्यात, आई समोर बसून सांगणार आहेत, तू आल्याशिवाय जमणार नाही" असं फोनवर सांगा. ती येईल किंवा येणार नाही. आली तर ठरलेल्या तीनांवर करंज्या हा चौथा पदार्थ होईल, तिला तिची चव मिळेल आणि तुम्हाला दोन हात मिळतील. नाही आली तर निदान भाऊबीजेला चवीचा विषय निघणार नाही.

त्या दिवशी एक वही जवळ ठेवा. सासूबाईंची मापं लिहून घ्या, पण 'दोन वाट्या रवा' एवढं लिहून थांबू नका. वाटी कुठली ते विचारा. त्यांच्या डोक्यात एखादी ठरावीक, काठाला चेपलेली स्टीलची किंवा पितळेची वाटी असते आणि तुमच्या ट्रॉलीतली वाटी तिच्यापेक्षा लहान किंवा मोठी असते. वर्षानुवर्षं सासूची कृती तंतोतंत करून 'तशी होत नाही' म्हणणाऱ्या पुष्कळ जणींचं घोडं या वाटीपाशी अडलेलं असतं. ती वाटी शोधा, तिच्यात किती पाणी मावतं ते मोजा आणि वहीत मिलिलिटरमध्ये लिहा. मोहनाचं तेल किती तापलेलं, बेसन कुठल्या रंगावर उतरवायचं, हे लिहिता येत नाही. ते मोबाइलवर त्यांचा आवाज आणि हात येतील असं टिपून घ्या.

ज्या वाचक मैत्रिणींच्या सासूबाई गप्प नसतात आणि "आमच्यात विकतचं चालत नाही" हे स्पष्ट म्हणतात, त्यांच्यासाठी दोन शब्द. तिथे सुनेनं वाद घालायला जाऊ नये. आईशी बोलणं हे मुलाचं काम आहे, आणि ते त्यानं दिवाळीच्या धामधुमीत नाही, महिनाभर आधी, शांत वेळी करावं. "तिला जमत नाही" असं त्यानं म्हणू नये, कारण त्याचा अर्थ लगेच "आम्हाला जमायचं" असा लावला जातो. "मला हे असं नको आहे" असं म्हणावं. आणि सासूबाई तरीही हटून बसल्या तर त्याच मुलानं सुट्टी काढून तळणीला बसावं. पहिल्या दोन घाण्यांनंतर पदार्थांची यादी आपोआप आखूड होते.

एकटी राहणारी, नोकरीसाठी परगावी असलेली मंडळीही विचारतात की एका माणसासाठी फराळ काय करायचा. वाटीभर चिवडा आणि दहा लाडू. मित्रमंडळी असतील तर प्रत्येकानं एकच पदार्थ करावा आणि एका संध्याकाळी वाटून घ्यावा, म्हणजे पाच जण असतील तर प्रत्येकाच्या घरी पाच प्रकार होतात.

तर ताई, तुमचा क्रम असा : सासूबाईंना विचारणं, यजमानांना चिवडा सांगणं, नणंदेला फोन करणं, आणि उरलेल्या पदार्थांची ऑर्डर देणं. यातलं सगळ्यात अवघड पहिलंच आहे, आणि ते लांबवत गेलात तर बाकीचं राहून जाईल. घटस्थापनेच्या आत उरका. चांगलं करणाऱ्या बायकांच्या ऑर्डरी नवरात्रातच भरत येतात आणि मग वसुबारसेला फोन केला तर त्या फक्त शेव शिल्लक आहे म्हणतात.